नामाची पाटी

आमच्या देवघरात मूर्ती नाही. पितळी पाटीवर कोरलेलं ‘राम’ एवढंच. त्यालाच आंघोळ, त्यालाच गंध, त्यालाच फूल. माझ्या सासूबाई, शारदाबाई, या घरात सून म्हणून आल्या तेव्हापासून नामाची पूजा त्यांच्याकडे. हृदयविकाराचा झटका येऊन गेल्यावर डॉक्टरांनी त्यांना खाटेवरून उठायला बंदी केली. तेव्हापासून रोज सकाळी मी पाटी त्यांच्या मांडीवर नेऊन द्यायची. त्या थरथरत्या बोटाने गंध लावायच्या, आणि फूल जरा सुकलेलं निघालं तर तेवढ्या आजारातही मला ऐकवायच्या.

मग धाकटे दीर, तुषारभाऊजी, इंदूरला अपघातात गेले. माझे यजमान योगेंद्र तिकडे जाऊन सगळं उरकून आले. डोक्यावरचे केससुद्धा काढले नाहीत, आईच्या लक्षात येईल म्हणून.

“आईले काही कळता कामा नये,” ते म्हणाले. “डॉक्टरने साफ मना केलंय. एक झटका और, तर आई बी जाईल.”

“आणि भाऊजींचा फोन का नाही आला, असं विचारलं तर?”

“मोबाईल खराब झालाय म्हण. ट्रेनिंगला गेलाय म्हण. बस.”

मला हे पटलं नव्हतं. पोटचा पोरगा गेला आणि आईलाच पत्ता नाही, ही कुठली दया? पण ह्यांच्या सुजलेल्या डोळ्यांकडे पाहिलं आणि गप्प बसले. भेटायला येणाऱ्यांना फाटकातूनच परत पाठवलं. न्हाणीघरात नळ सोडून, तोंडात पदर कोंबून रडून घेतलं.

एक गोष्ट मात्र आम्हा दोघांच्या ध्यानातच आली नाही. सुतकात पाटीला शिवायचं नसतं. पहिल्याच सकाळी सासूबाईंनी पाटी मागितली आणि मी म्हणाले, “आई, मला अडचण आहे.” पाळीचं कारण किती दिवस पुरणार, याचा विचारच केला नव्हता. त्यांनी ह्यांना हाक मारली. “माझी आंघोळ व्हायचीय,” असं म्हणून हे सरळ दुकानात निघून गेले. आईशी तोंडावर खोटं बोलायला धजले, पाटीला हात लावायला नाही! हसावं की रडावं?

त्यानंतर सासूबाईंनी पाटी मागितलीच नाही. डोळे मिटून नुसतं नाम घेत पडून राहायच्या. औषध दिलं की निमूट घ्यायच्या. हे म्हणायचे, “देख, आई किती शांत आहे.” मला ती शांतता खायला उठायची.

अडचणीचे दिवस उलटून गेले, सुतक मात्र अजून फिटायचं होतं. आता त्यांना संशय येणार आणि त्या धास्तीनेच काहीतरी होणार, असं मला वाटायला लागलं. एका सकाळी मी डोक्यावरून आंघोळ केली आणि पाटी उचलली. पाप लागायचं तर मला लागू दे. चंदन उगाळलं, पाटी त्यांच्यासमोर धरली.

“घ्या आई. आजपासून मी मोकळी.”

त्यांनी हात पुढे केले. पाटीकडे पाहिलं, मग माझ्या हातांकडे. आणि स्वतःचे हात मागे घेतले.

“ठेव जागेवर. सुतकात नाही शिवत.”

पाटी मी छातीशी धरली.

“तुम्ही दोघं पाटीले हात लावेना, तवाच समजलं, घरात सुतक हाय,” त्या म्हणाल्या. “तू डोयासमोर, योगेंद्र डोयासमोर. मंग राहिलं कोण?”

“आई, विचारलं का नाही तुम्ही?”

“विचारलं असतं तर तुम्ही सांगलं असतं. नाही विचारलं तवर वाटे, माही चूक बी असंल. आता तू पाटी घेऊन आली, तं जीवात जीव आला. म्हटलं, सुतक नव्हतंच. मंग तुहे हात थरथरतांना दिसले.”

“इंदूरला... अपघात,” एवढंच म्हणून मी मोठ्याने रडले. त्या नाही रडल्या.

“बस इथं. नामाले सुतक नसते,” असं म्हणून त्यांनी माळ घेतली. श्रीराम जय राम. माळ पुढे सरकली, अडली, पुन्हा सरकली. मग थांबलीच.

“लय लागलं होतं का त्याले?”

भाऊजींना ह्यांनी चेहऱ्यावरून नाही, हातातल्या कड्यावरून ओळखलं होतं.

“नाही आई,” मी म्हणाले. “झोपल्यासारखे होते.”

पाटी अजून माझ्या हातातच होती.