दीड फूट सरकलेला खांब

मी खांब आहे. फुटबॉलच्या गोलचा, गोलकीपरच्या उजव्या हाताचा. जुन्या, पक्क्या लाकडाचा. बडबड करायची मला सवय नाही. उभं राहणं हे माझं काम, आणि ते मी चव्वेचाळीस वर्षं केलं, एक दिवसही न बसता. पण एका पोराबद्दल गावभर इतकं वेडंवाकडं बोललं गेलं, की खरं काय ते सांगणं भाग आहे. त्या पोराचे गोल खरे की नुसतेच नशिबाचे, हे फक्त मला ठाऊक आहे. मला कुणी विचारलं नाही. तेव्हा ऐका.

झाड असताना मी कसा होतो, ते सांगणार नाही. झाडपणाचं कौतुक सांगत बसणारे खांब मला आवडत नाहीत. मला तासलं, पांढरा रंग दिला, मैदानात पुरलं. एवढं पुरे.

आमच्या मैदानाला दोन गोल. समोरचा लोखंडी, आमचा लाकडी. लोखंडी खांब पावसात गंजतो आणि वाऱ्यात शिट्टी वाजवतो. आम्ही तसलं काही करत नाही.

इतकी वर्षं माणसं जवळून पाहिली. त्यांची एक सवय मला कधी कळली नाही. चेंडू खांबाला लागून परत उडाला की मारणारा दोन्ही हातांनी स्वतःचं डोकं धरतो. जणू आता तेही निसटून पडणार आहे. तोवर चेंडू समोर लोळत असतो, दुसराच कुणी येऊन घेऊन जातो, आणि हा डोकं धरून उभाच. मग मला लाथ घालतो. मी काय केलं? मी होतो तिथेच होतो.

मी जागचा हललो तो एकदाच. त्याचीच ही हकिगत.

वाळूचा ट्रक मागे घेताना ड्रायव्हरने आमच्या वरचा आडवा दांडा तोडला. दांडा नवा करायचं काम सुतारकाकांकडे गेलं. सुतारकाका म्हणजे गावातला एकमेव सुतार. कमी बोलणारा, मान ताठ असलेला माणूस. मला ते पहिल्यापासून पसंत होते. त्यांच्याकडे त्यांच्या वडिलांचा लाकडी गज होता, एक यार्ड लांबीची मापाची पट्टी. दुसऱ्या कुणाच्या टेपला ते हात लावत नसत. "टेप वाकते," म्हणत. "वाकतं त्याच्यावर भरवसा कसला?"

हा गज एकदा सायकलवरून पडताना मधोमध मोडला होता. काकांनी दोन्ही तुकडे पितळेच्या नळीत दोन बाजूंनी घट्ट ठोकून बसवले. आतल्या आत ती टोकं एकमेकांना टेकलीच नाहीत. मधे तीन बोटं पोकळी राहिली. बाहेरून चकचकीत नळी दिसे, आतलं कुणाला दिसणार? त्या दिवसापासून काकांचा गज तीन बोटांनी वाढला.

गावातल्या खाटा लांब झाल्या. कपाटं उंच झाली. लोक म्हणत, सुतारकाकांचा हात सढळ आहे. एका घरात कपाट दारातून आत जाईना, तेव्हा काकांनी कपाटाला हात लावला नाही. दार मोठं केलं.

गोलची रुंदी आठ गज. काकांनी आठ वेळा गज टाकला आणि दांडा कापला. तीन आठे चोवीस बोटं, म्हणजे दीड फूट दांडा जास्त झाला. तो बसेना, म्हणून मला उपटलं आणि दीड फूट बाजूला पुरलं. डावा खांब होता तिथेच राहिला. तो पहिल्यापासून आळशी. माझा जुना खड्डा त्यांनी मातीने बुजवला. मी त्याच दिवशी ओळखलं की घोटाळा झालाय. पण खांबाचं मत कोण घेतं?

खेळतानाही कुणाच्या लक्षात आलं नाही, त्याला कारण आमचा गोलकीपर. तो बेकरीवाला. स्वतःच्या मालाची चव रोज स्वतः बघणारा. तो गोलमध्ये उभा राहिला की दीड फूट काय, दोन फूट वाढवले असते तरी रिकामे दिसले नसते.

मग तो पोरगा आला. सुतारकाकांचा नातू. आत्याने वाढवलेला, सतरा वर्षांचा, काटकुळा. पहिल्याच हंगामात त्याने एकतीस गोल मारले. आठ लोखंडी गोलमध्ये, तेवीस आमच्यात. गावाने त्याचं नाव 'तोफ' ठेवलं. न्हावी त्याचे केस आधी कापायचा, रांगेतले म्हातारे मागे. पोस्टमन आमच्या संघाचा कोच. तो घरोघर पत्रं टाकताना सांगत सुटला, "हा पोरगा दोन वर्षांत मोठ्या संघात दिसणार. लिहून ठेवा." मोठ्या संघाला त्याने पत्रही घातलं. तिकडून उत्तर आलं: महिन्याच्या शेवटच्या रविवारी आमचा माणूस बघायला येईल.

आत्याने ते पत्र पिठाच्या डब्यात ठेवलं.  सुतारकाकांनी त्या दिवशी मैदानावर येऊन दांड्याकडे एकदा पाहिलं आणि मिशीत हसले. आपण केलेल्या गोलमध्ये आपला नातू गोल मारतो. यापेक्षा माणसाला काय हवं?

बाहेरगावचा पाहुणा येणार म्हणून गावाने गोलला नवी जाळी आणली. ती आखूड पडली. एका टोकाला बांधली की दुसऱ्या टोकाला दीड फूट भगदाड.

"आखूड दिलीस की रे," पोस्टमन जाळीवाल्या दुकानदारावर खेकसला.

"जाळी आठ यार्डांची आहे. तुमचा गोल लांब आहे."

"गोल लांब? उद्या म्हणशील मैदान वाकडं आहे."

"ते तर आहेच," दुकानदार म्हणाला आणि त्याने टेप काढली.

टेप लागली. एकदा लागली, तीनदा लागली. सुतारकाकांना बोलावलं. ते गज घेऊन आले, गज टाकत गेले. बरोबर आठ. त्यांनी छाती काढली. दुकानदाराने निमूटपणे टेप गजाला लावली.

गज तीन बोटं लांब निघाला. तेवढ्यात बेकरीवाल्याला आपली खाट आठवली. "तरीच! मी म्हणतोय, पाय टोकाला का पोचत नाहीत. मला वाटलं मी आखडतोय."

गाव हसलं. काका हसले नाहीत. ते म्हणाले, "माप माझं चुकलेलं नाही. यार्ड कुणी ठरवला, त्याला विचारा." आणि गज काखेत मारून निघून गेले. पण दुसऱ्या दिवशी सकाळी कुणी यायच्या आत ते करवत घेऊन आले. दांडा कापला. मला उपटलं आणि माझ्या जुन्या खड्ड्यात परत पुरलं. एकट्याने. अंगावर घेतलेलं काम ते कुणाला वाटून देत नसत.

आता खरी पंचाईत झाली ती पोराची.

"एकतीस गोल!" न्हाव्याकडे गप्पा रंगल्या. "त्यातले आजोबांचे किती आणि नातवाचे किती?"

"आजोबांनी तेवीस मारले. घरबसल्या."

तोफेचा चार दिवसांत फुसका बार झाला. न्हाव्याने त्याला रांगेत बसवलं. पोस्टमनही मान खाली घालून पत्रं टाकू लागला.

पोराने ते मनाला लावून घेतलं. पूर्वी तो माझ्याकडे ढुंकून बघत नसे. आता आधी माझ्याकडे बघायचा, मग मारायचा. जिकडे नजर, तिकडे पाय. त्या आठवड्यात चेंडू मला एकोणीस वेळा लागला. एकोणीस वेळा त्याने डोकं धरलं. रंग उडाला माझा.

मला सांगायचं होतं त्याला. ओरडून सांगायचं होतं. अरे गाढवा, माझा जुना खड्डा माझ्या डोळ्यांसमोर होता. त्या दीड फुटातून तुझे गेले किती, ते मी मोजलेत. दोन. तेवीसपैकी फक्त दोन, आणि त्यातला एक समोरच्या संघाच्या बॅकच्या पाठीला लागून गेला. बाकीचे एकवीस कुठल्याही गोलमध्ये गेले असते. सरकारी मापाच्यासुद्धा. पण मी लाकूड. माझ्या तोंडून फक्त 'ठप्प' निघतं, तेही चेंडू लागला तर.

शनिवारी पोराने आत्याला सांगितलं, मी उद्या खेळणार नाही. हे मला कळलं, कारण दुपारी सुतारकाका त्याला दंडाला धरून मैदानावर घेऊन आले आणि मागून आत्या कपड्यांची बादली तशीच हातात घेऊन धावत आली.

"बाबा, नाही म्हणतोय तर सोडा ना त्याला."

"तू मधे पडू नकोस."

"मग कोण पडणार? दीड फुटाचा घोळ तुम्ही घातलात, आणि तोंड लपवतंय पोर!"

 काका सरळ माझ्याजवळ आले, माझ्याकडे पाठ करून उभे राहिले आणि दोन्ही हात मागे घेऊन त्यांनी मला कवटाळलं. त्रेचाळीस वर्षांत मला कुणी मिठी मारली नव्हती. मी अवघडलो.

"मार," ते नातवाला म्हणाले.

"आजोबा, तुम्हाला लागेल."

"खांबाला लागला तर मला लागेल. बघ काय ते."

पहिला चेंडू त्यांच्या गुडघ्यावर बसला.

"लागलं?"

"नाही."

लागलं होतं. मला त्यांच्या पाठीतून कळलं. दुसरा चेंडू खांद्यावर. तिसरा पोटात. आत्याने बादली खाली टाकली. "अरे, गोल एवढा मोकळा पडलाय, आणि तुला बरा हा म्हातारा सापडतो नेमका!"

पोराला हसू फुटलं. हसता हसता त्याने चौथा मारला आणि तो जाळीत गेला. पाचवा गेला. मग त्याने माझ्याकडे बघायचं सोडूनच दिलं. सलग सात चेंडू जाळीत गेले.

काकांनी मला सोडलं, कपडे झटकले. जाताना नातवाजवळ थांबले.

"गज माझा लांब होता," ते म्हणाले. "पाय तुझा आहे."

एवढंच. माफी मागायची त्यांची पद्धत ही अशी. ती ऐकायला मी आणि आत्या होतो. आत्याने डोळे पुसले आणि ओले कपडे आमच्या जाळीवर वाळत घातले.

रविवारी मोठ्या संघाचा माणूस आला. हातात छत्री, तोंडावर कंटाळा. गोलची भानगड त्याच्या कानावर एसटी स्टँडवरच घातली गेली होती. त्याने येताच पावलांनी आमची रुंदी मोजली. सुतारकाका लंगडत येऊन बाकावर बसले आणि त्याच्या पावलांकडे तुच्छतेने बघत राहिले.

खेळ रटाळ झाला. शेवटची पाच मिनिटं उरली तरी गोल नाही. पाहुण्याने वही मिटली. तेवढ्यात पोराला चेंडू मिळाला. एकाला चुकवलं, दुसऱ्याला चुकवलं, आणि मारला. छान मारला. पण थेट माझ्यावर.

मी त्याला आत ढकलू शकलो असतो का? विचारू नका. खांबाने बाजू घ्यायची नसते. माझ्या गोल अंगावरून चेंडू जिकडे जायचा तिकडेच गेला. गोलबाहेर, परत मैदानात.

मैदानावरच्या प्रत्येक माणसाने डोकं धरलं. पोस्टमनने, न्हाव्याने, आत्याने. समोरच्या संघाच्या दोघांनीसुद्धा, सवयीने. पलीकडच्या टोकाला बेकरीवाल्याने दोन्ही हातांनी डोकं धरलं, हे मला इथून दिसलं.

पोराने धरलं नाही. तो थांबलाच नाही. परत आलेल्या चेंडूवर त्याने अंग झोकून दिलं. चेंडू त्याच्या नाकाला लागला, आणि चेंडू, पोरगा आणि गोलकीपर असे तिघे एकदम जाळीत गेले. जाळी नवी, मापात बसवलेली. ती दांड्यावरून सुटली आणि तिघांवर पडली. सोडवायला पंच गेला, तोही अडकला. मग त्याने आतूनच शिट्टी वाजवली. गोल.

पाहुणा छत्री टेकत आला आणि जाळीसमोर उभा राहिला.

"बाहेर ये," तो पोराला म्हणाला.

"येतो. पाय सापडू दे."

"नाक कसं आहे?"

"आहे."

पाहुणा पहिल्यांदा हसला. पोस्टमनला म्हणाला, "गोल भिकार होता. पण चेंडू खांबाला लागला की सगळे डोकं धरतात. याने धरलं नाही. वर्षभर ठेवून बघतो. पुढचं काही सांगत नाही."

त्यानंतर वर्षभराने आमच्या जागी लोखंडी गोल आला. डाव्या खांबाचं काय झालं ते मला माहीत नाही आणि मी विचारलंही नाही. मला सुतारकाकांनी आपल्या अंगणात आणून पुरलं. कापलेल्या दीड फूट तुकड्याचं त्यांनी बेकरीवाल्याला भलंमोठं लाटणं करून दिलं. गज त्यांनी टाकला नाही. अजून वापरतात. फक्त प्रत्येक गजामागे तीन बोटं वजा करतात.

माझ्यावर आता कपड्यांची दोरी असते. आत्या माझ्याखाली उभी राहून फोनवर पोराच्या बातम्या वाचून दाखवते. पहिलं वर्ष त्याचं बाकावर गेलं. यंदा तो खेळतोय. काल तिने वाचलं, "चार सामने. एक गोल. तीनदा खांबाला लागला."

काकांनी रंधा थांबवला. "खांब कसला आहे?"

"लोखंडी असेल. हल्ली सगळीकडे तेच."

"मग बरोबर. लाकडी असता तर दोन तरी आत गेले असते." आणि रंधा पुन्हा चालू झाला.

तो पोरगा खरंच मोठा होईल का, असं शेजारणी कपडे वाळत घालताना आत्याला विचारतात. मला विचाराल तर मी खांब आहे, ज्योतिषी नाही. त्याचे एकवीस खरे होते आणि दोन आमचे होते, एवढं मी छातीठोक सांगतो. तीनदा खांबाला लागल्यावर त्याने डोकं धरलं की नाही, हे बातमीत लिहिलेलं नव्हतं. मला तेवढंच जाणून घ्यायचंय. तुमच्यापैकी कुणी त्याचा सामना बघायला गेलात तर तेवढं बघून या आणि मला सांगा. आणि खांबाला लाथ घालू नका. तो हललेला नसतो.

झालं. निघा आता. दोरी जरा खाली बांधलीय, डोकं वाकवून जा.