चोकला बांधलेली तार

ट्रक जुना होता, थंडी कडाक्याची होती, म्हणून आई दवाखान्यात वेळेत पोचली नाही.

असं नाही. पुन्हा सांगतो.

त्या सकाळी आईला धाप लागली आणि धाकट्या भावाने ट्रक चालू करायला घेतला. स्टार्टर फिरत होता, इंजिन पकडत नव्हतं. बॅटरी बसेपर्यंत तो चावी फिरवत राहिला. नंतर मी सगळ्यांदेखत म्हणालो, "तूच पेट्रोल पाजून प्लग भिजवलेस." तेव्हापासून तो माझ्यासोबत जेवायला बसत नाही.

हेही पुरतं खरं नाही.

आज मिस्त्री आला. नवी बॅटरी जोडून, दहा वेळा स्टार्टर मारून त्याने प्लग काढले, तर ते कोरडे ठणठणीत; पेट्रोल त्यांच्यापर्यंत पुरेसं पोचतच नव्हतं. मग त्याने कार्बोरेटरमध्ये डोकावून पाहिलं. गार इंजिनाला जास्त पेट्रोल मिळावं म्हणून चोकची झडप मिटावी लागते. ती तारेने उघडी बांधून ठेवलेली होती.

"कुण्या दीडशहाण्याने पेट्रोल वाचवलंय," मिस्त्री हसला. "उन्हाळ्यात चालतं हे. थंडीत गाडी मेलीच समजा."

तार मी बांधली होती. उन्हाळ्यात. नंतर विसरून गेलो.

"दादा, कुणी बांधली असेल रे?" धाकट्याने विचारलं.

"आधीच्या मालकाने," मी म्हणालो.

मिस्त्रीने तार तोडली. पहिल्याच चावीला इंजिन लागलं.

"झाकण उघडून बघायचं तरी मला सुचायला हवं होतं," धाकटा म्हणाला आणि घरात गेला.

मी तार उचलून खिशात घातली.