हिला पाणी दाखव

माणगावच्या अलीकडचं इंदापूर मागे टाकून गाडी हायवेच्या खोळंब्यात शिरली आणि तिने पहिला आचका दिला, तेव्हाच प्रज्ञाचं डोकं फिरलं. शेजारी बसलेला प्रफुल्ल काही बोलला असता तर बरं झालं असतं. त्याने नुसता मोबाइल काढून वेळ बघितली आणि पुन्हा खिशात ठेवला.

बहीणभावांची पैज लागली होती. ही फियाट आप्पांची. मुंबईत टॅक्सी म्हणून त्यांनी ती हयातभर चालवली आणि परवाना संपल्यावर तळा या आपल्या गावी आणून निळी रंगवली. आप्पांना जाऊन दोन वर्षं होत आली, तशी प्रफुल्लने ती विकायला काढली. मांडव्याला बंगला बांधलेल्या कुणा हौशी माणसाला ती बागेत उभी करायची होती, आत फुलांच्या कुंड्या ठेवून. प्रफुल्ल न्हावा शेव्याला कंटेनरच्या कामावर, त्याच्या लेखी जे हलत नाही ते अडगळ. प्रज्ञा तळा गावातच शाळेत शिकवायची आणि गाडी तिच्याच दारात उभी असायची. कुंड्यांचं ऐकून ती अशी काही भडकली की भावाशी आठवडाभर बोलली नाही. शेवटी ठरलं ते असं: वीस मार्चला आप्पा दरवर्षी आईला महाडला न्यायचे, तसंच यंदा न्यायचं. गाडी चवदार तळ्यापर्यंत न अडता गेली तर ती घरात राहणार. वाटेत बंद पडली तर मांडव्याचा माणूस रविवारी येऊन उचलून नेणार.

दुसरा आचका बसला, तिसरा बसला, आणि गाडी मेली.

मागच्या ट्रकवाल्याने हॉर्नवर हात ठेवला तो काढेचना. प्रज्ञाने खिडकीतून डोकं बाहेर काढून त्याला असं काही सुनावलं की शाळेतल्या पोरांनी ऐकलं असतं तर बाईंना ओळखलं नसतं. मग भावाने मागून ढकललं, हिने स्टिअरिंग धरलं आणि गाडी खडीच्या ढिगाशेजारी लागली. झाडं रस्तारुंदीत केव्हाच गेली होती. सावली म्हणून नव्हती कुठे.

"हरलीस, ताई," प्रफुल्ल घाम पुसत म्हणाला.

"तू गप्प बस. तुझ्या त्या बंगलेवाल्याला सांग, कुंड्या डोक्यावर घेऊन नाच म्हणावं."

मागच्या सीटवर कमळाबाई, त्यांची आई, पांढरं सुती लुगडं नेसून मांडीवर पिशवी घेऊन बसली होती. पिशवीतल्या मेणबत्त्या उन्हाने वाकायला लागल्या होत्या. ती एकेक सरळ करत होती आणि दोघांकडे बघत नव्हती.

प्रज्ञाने बॉनेट उघडलं. हा तमाशा तिला नवा नव्हता. आप्पा गेल्यापासून गाडी सकाळी शहाण्यासारखी चालायची, आणि ऊन चढून रस्ता तुंबला की जीव सोडायची. तासाभराने पुन्हा सुरू, काही झालंच नाही असा आव आणून. आप्पांचं बोलणं तिला पाठ होतं. "उन्हाच्या आधी हिला पाणी दाखवायचं. मंग ही अडायची न्हाय." बैलांना पाणी दाखवावं तसं ते गाडीबद्दल बोलायचे. म्हणून प्रज्ञाने पाणीच दाखवलं. रेडिएटर सकाळ-संध्याकाळ काठोकाठ भरला. नाक्यावरच्या विनेश मेकॅनिकने रेडिएटर बदलला, पंखा बदलला, होसपाइप बदलले, आणि काहीच उरलं नाही तेव्हा "म्हातारी झाली ना, मॅडम" म्हणून हसला. त्या हसण्याचा राग तिच्या मनात अजून ताजा होता.

आताही रेडिएटर भरलेला होता. तापमानाचा काटा मधोमध होता. म्हणजे इंजिनाला पाण्याची ददात नव्हती. मग हिला हवं काय होतं?

"पेट्रोल संपलं असंल," प्रफुल्ल म्हणाला.

"सकाळी तूच टाकी फुल्ल केलीस ना? का तेही विसरलास?"

पण पेट्रोल म्हटल्यावर तिचं लक्ष नळीकडे गेलं. नळीत बसवलेला छोटा प्लास्टिकचा फिल्टर आरपार दिसायचा. टाकी भरलेली, आणि फिल्टर कोरडा. तळाशी थेंबभर पेट्रोल होतं आणि त्यातून बुडबुडे येत होते, आधणाला येतात तसे. नळी जात होती ती पेट्रोलच्या पंपाकडे. मुठीएवढा पंप, इंजिनाला चिकटून बसलेला. प्रज्ञाने बोट लावलं आणि चटका बसून मागे घेतलं. गाडी पळत असली की वारा लागून तो निवत असणार. खोळंब्यात वारा कुठला? पंप तापत होता, आतल्या पेट्रोलची वाफ होत होती, आणि वाफेवर कुठली गाडी चालणार?

मग तिला ते दिसलं. पंपाभोवती गंजलेल्या तारेचं एक कडं होतं. आत काहीच नाही, आणि तरी कडं वळवून, पीळ देऊन घट्ट केलेलं. तारेच्या टोकाला मोरपिशी रंगाचा एक धागा अडकला होता.

"इथं काय बांधलं होतं?" तिने प्रफुल्लला विचारलं. "तू काढलंस. डिकीतली सगळी फडकी तूच फेकलीस ना, गिऱ्हाइकाला गाडी चकाचक दाखवायला?"

"डिकी साफ केली. बॉनेटला मी हात न्हाय लावला. आईशप्पथ."

"खोटं बोलू नकोस."

"मी काढलं," मागून कमळाबाई म्हणाली.

दोघं वळली. म्हातारी गाडीतून उतरून उभी होती.

"माझं लुगडं व्हतं ते. तुमच्या आज्याने घेतलेलं, मोरपिशी. लग्नात नेसले ती एक डाव, मंग पेटीत. या माणसाने कापला त्याचा पदर. गाडीला बांधला. मला म्हणतो, हिला ऊन लागतं. मी सबंध पावसाळा बोलले न्हाय त्याच्याशी." तिचा आवाज चढला. "तो गेला, तवा बॉनेट उघडून काढून आणला. धुतला, घडी केली. म्हटलं, तू गेलास ना, मंग माझं मला दे."

आप्पा गेले त्या उन्हाळ्यापासून गाडी अडत होती, आणि प्रज्ञा जगभरच्या लोकांवर खेकसत फिरत होती. पाणी दाखवायचं होतं ते त्या पदराला. भिजलेला पदर पंपाला थंड ठेवत होता.

"आई, मग सांगायचं नाहीस? दोन उन्हाळे मी या गाडीच्या मागे जीव आटवतेय."

"विचारलंस कधी?" कमळाबाई म्हणाली. "त्या विनेशला विचारलंस. यानं मांडव्याच्या माणसाला विचारलं. पैज लावलीत, तवा मी चुलीपुढंच बसलेले. मला कुणी विचारलं?"

राग कुणावर काढावा ते प्रज्ञाला कळेना, आणि त्याचाच तिला जास्त राग आला. तिने फडकं शोधायला डिकी उघडली. डिकी प्रफुल्लच्या कृपेने लख्ख रिकामी होती. तिची ओढणी नायलॉनची, प्रफुल्लचा शर्ट तसलाच चकचकीत. पाणी धरील असं काही कुणाच्या अंगावर नव्हतं.

कमळाबाईने आपला पांढरा पदर हातात घेतला. काठाला दात लावला आणि टर्रकन फाडला.

"आई, अगं तळ्यावर जायचंय, असं फाटकं..."

"बांध."

प्रज्ञाने बांधलं. तारेचं कडं जसंच्या तसं कामाला आलं, आप्पांच्याच पिळावर. प्यायच्या बाटलीतलं पाणी ओतलं तशी पंपातून चर्र आवाज होऊन वाफ निघाली. त्यांनी वाट पाहिली, पुन्हा पाणी ओतलं. फिल्टरमध्ये हळूहळू पेट्रोल चढलं. प्रज्ञाने चावी फिरवली. गाडी दोनदा खोकली आणि सुरू झाली.

प्रफुल्ल शेजारी येऊन बसला. "तरी पण ताई, बंद तर पडलीच ना. ठरलं व्हतं तसं..."

"पैज तुमची," मागून आवाज आला. "गाडी माझ्या नवऱ्याची. त्या माणसाला फोन लाव आन् सांग, आई न्हाय म्हणते. आत्ता लाव."

त्याने लावला. हायवेच्या धुळीत, हॉर्नच्या गोंगाटात तो "सॉरी सर" म्हणत राहिला आणि प्रज्ञाला फार दिवसांनी मनापासून बरं वाटलं.

खोळंबा सुटला. माणगाव मागे पडलं. आरशात प्रज्ञाला आई दिसत होती, फाटका पदर खांद्यावर ओढून घेतलेली, ओठ घट्ट मिटलेले.

"अजून चिडलीयस आप्पांवर?"

कमळाबाईने खिडकीबाहेर बघत मेणबत्तीवरून बोट फिरवलं.

"मागितला असता तर दिला असता गं," ती म्हणाली. "आख्खं लुगडं दिलं असतं. न विचारता कापला."