आठवं कडवं

निर्मळच्या संगीत शाळेत शिक्षक चार की पाच, यावर तीन आठवडे खल चालला होता. ज्या पाचव्या माणसावरून तो चालला होता, त्या माणसाला मात्र कोणी काही विचारत नव्हतं. आपल्याकडची रीतच आहे ही.

ती पाचवी म्हणजे हंसा भोईर. राहणारी चांदीपची, वय पन्नाशीच्या पुढे. दर शनिवारी आणि रविवारी एक बस आणि दोन रिक्षा बदलून ती निर्मळला यायची आणि शिशुवर्गातल्या बावीस पोरांना सुरात उभं राहायला शिकवायची. बावीस पोरं सरळ उभी करणं हेच मुळात दिव्य. ती सुरात उभी करायची म्हणजे काय, ते ज्याने केलंय त्यालाच ठाऊक.

शाळा जगन्नाथकाका राऊतांची. केळीच्या वाडीत त्यांचं एक जुनं गोडाऊन होतं, ते झाडून, रंगवून त्यांनी तिथे पेटी ठेवली आणि शाळा सुरू झाली. काकांना पेटी त्यांच्या वडिलांनी शिकवली होती, भजनाच्या नादातून. ट्रम्पेट आणि व्हायोलिन शिकवायला पापडीचे क्लिफर्ड मास्तर होते. त्यांच्या घरात तीन पिढ्या बॅंड, आणि नवव्या वर्षापासून ते चर्चच्या क्वायरमध्ये. तबल्याला निमिष होता, परीक्षा देऊन देऊन विशारद झालेला. गाण्याला काकांची सून रेवा. तीही विशारद. काकांचे गुडघे दुखू लागल्यापासून शाळेचा सगळा कारभार तिच्याच डोक्यावर होता.

आणि हंसा? ती काकांना एका लग्नात सापडली. काका चांदीपला जुन्या मित्राच्या मुलीच्या हळदीला गेले होते. मांडवात हंसा धवळे म्हणत होती. आगऱ्यांच्या लग्नात भटजीच्या आधी धवळारीण लागते. हळद दळण्यापासून मांडव उतरेपर्यंत प्रत्येक विधीला तिचा धवळा हवा, आणि तोही पेटी-तबल्याशिवाय, नुसत्या गळ्यावर. हंसाने एक धवळा संपवला. मग चहावरून व्याह्या-व्याह्यांचं जुंपलं, ते तासभर चाललं. ते मिटल्यावर तिने दुसरा धवळा उचलला, तो नेमका आधीच्याच सुरात. काका हट्टी. त्यांनी मोबाइलमधला तानपुरा कानाला लावून दोनदा खात्री करून घेतली आणि जेवायच्या पंगतीतच तिला म्हणाले, “बाई, आमच्या पोरांना एवढंच शिकवा. बाकीचं आम्ही बघतो.”

त्याला तीन वर्षं झाली. हंसा आल्यापासून खाडीकडच्या गावांतली पोरंही शाळेत येऊ लागली, कारण त्यांच्या आया हंसाला ओळखायच्या. चांदीपच्या बस थांब्यावर आता कोणीतरी हमखास हाक मारायचं, “काय मास्तरीनबाय, निंगाल्या काय?” हंसा वरवर त्रासल्यासारखं करायची. पण एखाद्या शनिवारी कोणी हाक मारली नाही, तर तिला रिक्षेत बसेपर्यंत चुकल्यासारखं वाटायचं.

आता शाळेला परीक्षा केंद्र हवं होतं. पोरांना प्रत्येक परीक्षेसाठी लांब जावं लागे, ते वाचलं असतं. त्यासाठी परीक्षकबाई येऊन शाळा बघणार होत्या आणि आधी प्रत्येक शिक्षकाचा फॉर्म पाठवायचा होता. ‘संगीतविषयक पार्श्वभूमी.’ खाली चार रकाने: गुरूचं नाव, उत्तीर्ण परीक्षा, जाहीर कार्यक्रम, पुरस्कार. निमिषला जागा पुरेना, त्याने वेगळा कागद जोडला. क्लिफर्ड मास्तरांनी गुरूच्या रकान्यात नुसतं ‘पप्पा’ लिहिलं आणि कार्यक्रमांच्या रकान्यात ‘मोजले नाहीत’. रेवाचे कार्यक्रम बरोबर तेवीस होते.

हंसा फॉर्म घेऊन खिडकीशी बसली ती अर्धा तास बसून राहिली. रेवाने येऊन बघितलं तर कागद कोरा.

“हंसाताई, काहीच नाही लिहिलंत?”

“काय लिवू? परीक्षा नाय, गुरू नाय. सासूनी शिकवला, उखलात भात कांरताना. ती काय गुरू?”

“मग जाहीर कार्यक्रम? तुम्ही लग्नांत गाता ना?”

“ता गाना नाय, काम हाय,” हंसा म्हणाली. “धवला नाय झाला तर लगीन लागंल काय? स्टेजवर मी कवा गेले?”

तिला खरोखरच तसं वाटत होतं. तिच्या सासूलाही तसंच वाटायचं. भात लावणं काम, धवळा म्हणणंही काम. कामाला कोणी कार्यक्रम म्हणतं का? रेवाने मान डोलावली आणि सगळ्या रकान्यांत एकेक आडवी रेघ मारली. दोघीही प्रामाणिक, दोघीही चुकल्या. अशा चुकीला आरडाओरडा करायचीही सोय नसते.

पुढच्या शनिवारी रेवाने तिला बाजूला घेतलं. रेवाला ते सांगताना जड जात होतं, हे कबूल करायला हवं. “ताई, कागदावर शिक्षक म्हणून दाखवता येत नाही. केंद्र हातचं जाईल. तुम्हाला मदतनीस लिहिते. पोरांची बसकरं घालणं, त्यांना ने-आण करणं... शिशुवर्ग पुढच्या महिन्यापासून मी घेईन.”

“बरा,” हंसा म्हणाली. पण घरी आल्यावर तिने जेवणाचं ताट तसंच बाजूला सारलं. मुलगा अल्पेश विचारत होता, तर दाढ दुखते म्हणाली. दाढ कसली? तीन वर्षं बस थांब्यावर मिरवलेलं नाव आता कुठल्या तोंडाने परत करायचं, हे तिला समजत नव्हतं. आणि बावीस पोरं. त्यांच्यावाचून शनिवार कसा काढायचा, हे त्याहून समजत नव्हतं.

परीक्षकबाई आल्या रविवारी सकाळी अकराला. सडसडीत बांधा, चष्मा नाकावर घसरलेला, मनगटावरच्या घड्याळावर सतत नजर. आईवडील प्लास्टिकच्या खुर्च्यांवर दाटीवाटीने बसले होते. निमिषची मुलं वाजवून गेली, क्लिफर्ड मास्तरांची झाली, रेवाच्या मोठ्या वर्गाने राग म्हटला. बाईंनी वहीत काहीबाही लिहिलं, चेहऱ्यावर काही दाखवलं नाही. हंसा मागे, गुंडाळलेल्या सतरंज्यांशेजारी उभी होती. मदतनीस म्हणून तिला तीच जागा नेमून दिली होती.

शेवटी शिशुवर्ग. रेवाने त्यांना एक छोटं सरगम गीत बसवून दिलं होतं. पण बाईंनी चष्मा वर सरकवला आणि विचारलं, “बाळांनो, तुम्हाला सगळ्यांत जास्त काय आवडतं? ते म्हणा.”

रेवाने डोळे मिटले. बावीस माना एकदम सतरंज्यांच्या दिशेने वळल्या. आणि पुढच्या रांगेतल्या दिपिकाने, जिचे पुढचे दोन दात नुकतेच पडले होते, सूर लावला:

“पयली हलद कोनाला गं, पयली हलद काकाला,
निर्मलच्या वाडीमंदी पेटी ज्याची बोलते गं...”

हा धवळा हंसाचा स्वतःचा. हळदीच्या धवळ्यात एकेका कडव्यात एकेका नातेवाइकाचा मान असतो. हंसाने पोरांसाठी नातेवाईक काढून शाळेतली माणसं घातली होती. पहिलं कडवं काकांचं, दुसरं पापडीच्या बॅंडवाल्या मास्तरांचं, तिसरं निमिषच्या तबल्याचं. अशी सात कडवी. आणि तिने पोरांना पहिल्याच दिवशी बजावलं होतं, “उचललेला धवला खाली ठेवायचा नाय. आर्धा सोरला तर कोनाची तरी हलद रायते. मग तो मानूस रुसते.”

बाईंनी सुरुवातीलाच सवयीने पेटीवर बोट ठेवून पोरांचा सूर पाहून घेतला. काळी चार. तिसरं कडवं संपलं तसं त्या म्हणाल्या, “छान. बस.”

पोरं थांबली नाहीत.

“बस म्हटलं ना, बाळांनो.”

कसलं काय! निमिषने हात हलवले. काका खुर्चीतून अर्धे उठले. आयांनी आपापल्या कार्ट्याकडे डोळे वटारून बघितलं. पोरं आपली समोर बघून चालूच. रेवाचा चेहरा लालबुंद झाला. तिने मागे वळून हंसाकडे पाहिलं, आणि त्या पाहण्यात शब्द नसला तरी अर्थ स्पष्ट होता: थांबवा त्यांना.

हंसाने नुसता हात वर केला असता तर पोरं थांबली असती. तिला ते माहीत होतं. परीक्षकबाई चिडल्या तर केंद्र जाईल आणि केंद्राबरोबर आपली मदतनीसकीही जाईल, हेही कळत होतं. पण पुढचं, चौथं कडवं रेवाचं होतं.

“चवथी हलद कोनाला गं, चवथी हलद रेवाला,
तानपुऱ्याच्या तारंवरी गला जिचा डोलतो गं...”

हंसाचा हात खालीच राहिला. ज्या बाईने आपलं नाव खोडलं, तिची हळद आपल्या हाताने अर्धी ठेवायची? सासूने असं शिकवलं नव्हतं. रेवा मात्र पोरांकडे बघतच राहिली. हा धवळा तिने दारातून पन्नासदा ऐकला असेल, पण शब्दांकडे कधी लक्षच दिलं नव्हतं.

पाचवं गोडाऊनची कुलपं उघडणाऱ्या श्रीपतचं, सहावं आयांचं, सातवं गावदेवीचं. सातवं संपलं आणि पोरं आपोआप गप्प झाली.

परीक्षकबाई पेटीपाशी गेल्या आणि पुन्हा काळी चार दाबली. दाबूनच धरली. “दिपिका, शेवटची ओळ परत म्हण.” दिपिकाने म्हटली. सूर तिथेच होता. सात कडवी, ना पेटी, ना तानपुरा, वर मोठ्या माणसांचे हातवारे, आणि सूर जागचा हलला नव्हता.

“हे कोणी शिकवलं?”

रेवा पुढे झाली. तिला गप्प बसता आलं असतं. ती बसली नाही. “हंसाताईंनी. या मागे उभ्या आहेत त्यांनी.”

“शिक्षकांत नाव नाही त्यांचं.” बाईंनी फॉर्म काढला. चार रेघा. “बाई, इकडे या. कधीपासून म्हणता हे?”

“लगीन झाल्याच्या दुसऱ्या सालापासून,” हंसा म्हणाली. तिचे हात पदराशी चाळा करत होते. “तीस वरसां झाली.”

“कुठे?”

“मांडवात.”

“ऐकायला माणसं किती?”

“लग्नाला येतील तेवरी. पाचशे. हजार.”

“आणि याला तुम्ही जाहीर कार्यक्रम म्हणत नाही?”

“नाय. ता काम हाय.”

बाई हसल्या. सकाळपासून पहिल्यांदाच. “काम मीही हेच करते. फक्त माझ्यावाचून कोणाचं लग्न अडत नाही.” मग पेन उघडून म्हणाल्या, “लग्नं किती झाली?”

आता हे कोण मोजतं? हंसा बोटांवर मोजू लागली. चांदीपची वरची आळी, मग खालची आळी. तेवढ्यात खुर्च्यांतून दिपिकाची आई रचना उठली. “आमचा धरा! हिनीच लावला आमचा लगीन!” मागून एक गृहस्थ उभे राहिले, “आम्हा दोघा भावांचं धरा.” मग कोणाच्या नणंदेचं, कोणाच्या दिराचं, कोणाच्या सासू-सासऱ्यांचंसुद्धा. एकेक करत अर्धं गोडाऊन उभं. बाई दोनशेपर्यंत लिहीत गेल्या आणि मग त्यांनी हात टेकले. “चारशेच्या वर, असं लिहिते. चालेल?”

“कमीच हायेत!” रचना म्हणाली.

“परंपरेने शिकलेल्या शिक्षकाला दहा वर्षांचं सादरीकरण पुरतं, असा नियम आहे,” बाई रेवाला म्हणाल्या. “तुम्ही वाचला असेल.”

“वाचला होता,” रेवा म्हणाली. “मला वाटलं, सादरीकरण म्हणजे स्टेज.” तिने फॉर्म घेतला आणि मारलेल्या रेघा स्वतःच्या हाताने खोडल्या. “ताई, सासूबाईंचं नाव काय?”

“जानकी.”

गुरूचं नाव: जानकी भोईर. रेवाने ते टपोऱ्या अक्षरांत लिहिलं. हंसाला अक्षरं नीट दिसेनात. तिने डोळे पुसले, तरी दिसेनात.

परीक्षकबाईंनी शाळेला होकार दिला, पिशवी खांद्याला लावली. बाहेर गाडीचा हॉर्न वाजत होता. तेवढ्यात दिपिका रडवेल्या आवाजात म्हणाली, “पन एक रायला ना! हंसामावशीची हलद रायली!”

“धवलारनीची हलद नसते गं,” हंसा म्हणाली. “तिनी दुसऱ्यांची म्हनायची.”

खरंच होतं ते. तीस वर्षं तिने साऱ्या तालुक्याच्या नावाचे धवळे म्हटले. तिचं नाव एकाही धवळ्यात नव्हतं.

आणि रेवाने सूर लावला. तेवीस कार्यक्रमांची विशारद रेवा, सगळ्यांसमोर, हंसाच्या बोलीत:

“आठवी हलद कोनाला गं, आठवी हलद हंसाला,
चांदीपच्या धवल्याबिगर मांडव जिचा हालत नाय...”

शब्द जेमतेम जुळले होते. कोणाला पर्वा! बावीस पोरांनी ते उचलले, मागून आयांनी उचलले, काकांनी गुडघे विसरून पेटी ओढली, आणि क्लिफर्ड मास्तरांनी ट्रम्पेट तोंडाला लावला. ड्रायव्हर चिडून दारात आला, तर परीक्षकबाईंनीच त्याला ओठांवर बोट ठेवून गप्प केलं. मघाशी बस, बस म्हणणाऱ्या बाई धवळा पुरा होईपर्यंत पिशवी खांद्यावर घेऊन उभ्या राहिल्या.

हंसा मधोमध उभी होती, गालांवरून पाणी ओघळत होतं आणि ते लपवायचं तिच्या मनातही येत नव्हतं. रेवालाही भरून आलं होतं. त्यापायी तिचा सूर वर सरकला, अगदी तांदळाच्या दाण्याएवढा. दुसऱ्या कोणाला कळलाही नसता. हंसाने रडता रडताच तळहात पालथा केला आणि हळूच खाली दाबला, वर्गात पोरांसाठी दाबते तसा.

रेवा मुकाट्याने सुरात आली.