व्हर्न क्लिंगरचं गिऱ्हाईक

कोल्ड रन गावात व्हर्न क्लिंगरच्या तोंडी लागू नये, हे शेंबडं पोरसुद्धा सांगेल. पण बंदुकीचं काही अडलं की त्याच्याच दुकानाच्या पायऱ्या चढाव्या लागतात, कारण पेनसिल्व्हेनियाच्या त्या कोपऱ्यात चाळीस मैलांत दुसरं दुकान नाही. अडला हरी, दुसरं काय. माणसं जातात, चार शब्द ऐकून घेतात, काम करून घेतात आणि बाहेर पडल्यावर त्याला शिव्या घालतात. सत्तर वर्षांचा झाला तरी व्हर्नला त्याचं काही वाटत नाही.

डॉरीन हॅफरने मात्र वर्षभर त्या दुकानाचं तोंड पाहिलं नव्हतं. डॉरीन शाळेची बस चालवते. वय अठ्ठावन्न, उंची बेताची, आणि मागच्या बावन्न पोरांना आरशातून नुसतं बघून गप्प करायची ताकद. तिचा राग साधासुधा नव्हता. मागच्या नोव्हेंबरात तिचा बाप क्लाइड काडतुसांची पेटी आणायला गेला होता, आणि भर दुकानात, आठ माणसांदेखत, व्हर्न त्याच्यावर ओरडला होता, "तुला मी आता काही विकणार नाही, क्लाइड. चालता हो इथून." एक्क्याऐंशी वर्षांचा म्हातारा, चाळीस वर्षांचं गिऱ्हाईक. क्लाइड लालबुंद होऊन घरी आला आणि पुढचा आठवडाभर जेवताना व्हर्नच्या सात पिढ्यांचा उद्धार करत राहिला. फेब्रुवारीत तो गेला. व्हर्न अंत्यविधीला चर्चमध्ये येऊन मागच्या बाकावर बसला आणि कुणाशी न बोलता निघून गेला. डॉरीनने तेही मनात धरून ठेवलं.

आता थँक्सगिव्हिंगनंतरचा शुक्रवार होता. फ्रिजमध्ये अर्धी टर्की उरली होती आणि उद्या हरणाच्या शिकारीचा पहिला दिवस.

गावातल्या अकरा घरांचा मिळून डोंगरात एक कॅम्प आहे. पत्र्याचं छप्पर, फळ्यांच्या खाटा आणि एक लोखंडी शेगडी, बाकी काही नाही. पण जंगलातली प्रत्येक घराची दबा धरून बसायची जागा ठरलेली. हॅफरांची जागा म्हणजे ओढ्यावरचा सपाट खडक. क्लाइड तिथे साठ वर्षं बसला, त्याच्याआधी त्याचा बाप. नियम असा, की पहिल्या दिवशी उजाडायच्या आत त्या घरातलं कुणी जागेवर बसलं नाही, तर चिठ्ठ्या टाकून जागा दुसऱ्याला जाते. क्लाइडला मुलगा नव्हता, आणि कॅम्पवर आजवर बाई बसली नव्हती. तशी मनाई कुठे लिहिलेली नव्हती, कारण लिहायची वेळच कधी आली नव्हती. कॅम्पचा मुखिया मर्ल ऑट, क्लाइडचा जुना दोस्त, ऑक्टोबरात बराच वेळ हनुवटी खाजवत बसला आणि शेवटी म्हणाला, "क्लाइडची रायफल घेऊन आलीस तर बस. कुणी काही बोलणार नाही." बोलणार सगळेच होते, फक्त तिच्यासमोर नाही.

आणि कॅम्पच्या दारावर पाटी होती, क्लाइडने स्वतः रंगवलेली: 'भरलेली बंदूक या छपराखाली आणणाऱ्याने त्या वर्षी घरी बसावं.' त्या पाटीखालून आजवर तिघं परत गेले होते. त्यातला एक क्लाइडचा सख्खा भाऊ. डॉरीनला बारा वर्षांची असल्यापासून क्लाइड एकच गोष्ट घोकून घेत आला होता: बंदूक रिकामी आहे असं कुणी सांगितलं तर ऐकायचं नाही, उघडून बघायचं. बापाने सांगितलं तरी.

अडचण खांद्याची होती. उन्हाळ्यात तिच्या उजव्या खांद्याचं ऑपरेशन झालं होतं आणि क्लाइडची रायफल गाढवासारखी लाथ मारायची. दस्त्याला, म्हणजे खांद्याला टेकणाऱ्या लाकडाला, जाड रबरी गादी बसवून घेतली तर भागणार होतं. व्हर्नकडे जायचं नाही म्हणून सोमवारी ती चाळीस मैलांवरच्या मोठ्या दुकानात गेली. तिथल्या दाढीवाल्या तरुणाने ती तोंड उघडायच्या आतच पर्समध्ये मावणारं पिस्तूल काचेवर ठेवलं.

"मॅडम, एकट्याच राहता का?"

"मला दस्त्याला गादी बसवायची आहे."

"ते तुमच्या मिस्टरांना घेऊन या ना, त्यांच्याशी बोलतो. तुम्ही हे हातात तरी धरून बघा. जांभळ्या रंगातही येतं."

पिस्तुलाकडे डॉरीनने बघितलं, त्याच्याकडे बघितलं. बसमधली पोरं या नजरेला घाबरतात, याला काहीच झालं नाही. कामाला दहा दिवस लागतील, असं वर त्याने सांगितलं. म्हणून शुक्रवारी दुपारी तिने कपाटातून रायफल काढली, चेन लावलेल्या खोळीत सरकवली आणि दात खाऊन क्लिंगरकडे गेली. कपाटात रायफलीशेजारी काडतुसांच्या तीन पेट्या होत्या, एक फोडलेली, दोन तशाच बंद. बाप साठा करून ठेवणाराच होता, असं तिला वाटलं.

"दार लाव. गरम हवा फुकट येत नाही," हे व्हर्नचे वर्षभरानंतरचे पहिले शब्द.

सकाळची गर्दी ओसरली होती. कॉफीच्या भांड्यापाशी फक्त मर्ल ऑट उभा होता, अंगात शिकाऱ्यांचं केशरी जाकीट. तो हात वर करून हसला. त्याला इथे बघून डॉरीनला बरंही वाटलं नाही आणि वाईटही.

"दस्त्याला रबरी गादी हवी आहे. आज," ती म्हणाली.

"आज! वर्षभर झोपलेली अख्खी काउंटी आजच जागी झाली आहे. कुणाची रायफल?"

"माझी."

"तुझी कधीपासून?"

"फेब्रुवारीपासून."

व्हर्नने मागच्या रॅकवरून एक काळी, प्लॅस्टिकच्या दस्त्याची रायफल काढून काचेवर आदळली. "त्या खांद्याने ती तोफ उडवू नकोस. ही घे. हलकी. बायका हीच नेतात."

"कुठल्या बायका?"

"ऐकणाऱ्या."

"म्हणजे तुमच्या दुकानात एकही आली नसणार."

मर्ल कॉफीत फुसकन हसला. व्हर्नचे कान तांबडे झाले, पण तोंड चालूच. प्लॅस्टिकचा दस्ता पावसात फुगत नाही. क्लाइडच्या रायफलीवरची दुर्बीण निक्सनच्या काळातली आहे. बायकांनी खडकावर बसू नये, कंबर धरते. आणि शाळेपाशी वळताना तू सिग्नल देत नाहीस, मंगळवारी मी स्वतः पाहिलं.

"दिला होता," डॉरीन म्हणाली.

"वळून झाल्यावर."

"गादी बसवणार की नाही, तेवढं सांगा. मी ऐकायला आलेली नाही."

"दाखव इकडे."

तिने खोळीची चेन ओढली. व्हर्नने रायफल उचलली, सवयीने नळी त्यासाठीच कोपऱ्यात ठेवलेल्या वाळूच्या पोत्याकडे केली आणि काडतूस आतबाहेर करणारा बोल्ट मागे खेचला.

एक काडतूस बाहेर उडालं आणि काचेवर टण्णकन पडलं. आवाज फार मोठा नव्हता. ते घरंगळायला लागलं तसा व्हर्नचा पंजा त्याच्यावर येऊन बसला.

"काय पडलं?" मर्लने तिकडून विचारलं.

"माझी अक्कल पडली, तुला दुकानात घेतलं म्हणून," व्हर्न म्हणाला. "तिसरा कप आहे तुझा. रात्रभर धार मारत हिंडशील कॅम्पवर."

मर्ल मान हलवत पुन्हा भांड्याकडे वळला.

वर्षभर, म्हणजे मागच्या शिकारीपासून, ही रायफल त्या कपाटात भरलेली उभी होती. ख्रिसमसला डॉरीनची नातवंडं आली होती, एक सहा वर्षांचं, एक चार. लपाछपीत धाकटा त्याच कपाटात लपला होता, आणि क्लाइड बाहेर खुर्चीत बसून मोठ्याने आकडे म्हणत होता. तेरानंतर तो अडकला आणि पुन्हा एकपासून म्हणू लागला. सगळे हसले होते, तीही हसली होती. आणि आज तिने स्वतः बोल्ट न उघडता रायफल खोळीत घातली, गाडीत टाकली, माणसांत आणली. कारण ती बाबांची होती. मर्लने आत्ता वळून पाहिलं असतं तर खडक गेला असता. खडकाचं एक वेळ सोसलं असतं. पण क्लाइड हॅफरने घरात भरलेली बंदूक ठेवली होती, हे संध्याकाळपर्यंत अख्ख्या गावाला कळलं असतं आणि पाटीकडे बघून लोक हसले असते. आणि ते सांगायला गावात व्हर्न क्लिंगरच्या तोंडाइतकं मोठं तोंड दुसरं नव्हतं.

"मागे चल," व्हर्न जोरात म्हणाला. "हाताचं माप घ्यायचं आहे. मर्ल, कुणी आलं तर सांग, मी एका अडेलतट्टू बाईशी हुज्जत घालतोय."

मागच्या खोलीत घासायचं यंत्र होतं आणि तेलाचा वास. व्हर्नने काडतूस खिशात टाकलं, चष्मा लावला आणि दस्त्यामागची जुनी पट्टी सोडवायला घेतली. डॉरीन उभीच राहिली.

"मी बघितलं नाही," ती म्हणाली.

"ते कळलं मला."

"बाबांची होती म्हणून..."

"म्हणूनच बघायचं."

त्याने दोन स्क्रू काढून ताटलीत टाकले. डॉरीन त्या ताटलीकडे बघत राहिली. एक फोडलेली पेटी, दोन बंद.

"मागच्या नोव्हेंबरात," ती म्हणाली, "ते तुमच्याकडे किती वेळा आले होते?"

व्हर्नने गादी दस्त्याला लावून पाहिली, कडेने पेन्सिलीची रेघ मारली.

"एका आठवड्यात चार वेळा. चारही वेळा तीच पेटी. तिसऱ्यांदा मी म्हटलं, क्लाइड, कालच नेलीस की. तर माझ्याकडे असं बघितलं, जसं काही..." त्याने पेन्सिल कानावर खोचली. "चौथ्यांदा आला तेव्हा दुकानात आठ जण. काय सांगायचं होतं त्यांच्यादेखत? तुझं डोकं चालेनासं झालंय म्हणून? म्हटलं, विकत नाही, चालता हो. भांडण झालं की माणूस रागावून घरी जातो. नाहीतर लाजून गेला असता."

डॉरीनला हुंदका आला आणि तिने तो लपवला नाही. वर्षभर सांभाळलेला राग तिच्या हातातून निसटला होता आणि त्या जागी काय ठेवावं हे तिला कळत नव्हतं.

"मला सांगायचं होतं तुम्ही."

"आलो होतो. त्याच रविवारी. तू जाळीच्या दारामागून म्हणालीस, पायरीवरून खाली उतरा. उतरलो. म्हटलं, मरो." यंत्राचं बटण दाबायला गेलेला त्याचा हात थांबला. "पुन्हा यायला हवं होतं मी. नाही आलो. घरात पोरं येतात तुझ्या, ठाऊक होतं मला."

मग यंत्र सुरू झालं. अर्ध्या तासाने व्हर्नने दस्ता फडक्याने पुसला आणि बोल्ट बंद करून रायफल तिच्यापुढे धरली. डॉरीनने नळी भिंतीकडे केली, बोल्ट उघडला, आत डोळा लावला, करंगळी घालून चाचपलं.

"मर्लला सांगायला हवं," ती म्हणाली. "पाटी बाबांनीच लावली आहे."

"पाटी कॅम्पच्या छपराची. हे छप्पर माझं. इथे काय पडलं आणि काय नाही, ते मी ठरवतो." त्याने तिला खांद्याला धरून दाराकडे वळवलं, डाव्या खांद्याला. "आणि त्या खडकावर खाली काहीतरी घेऊन बस. कंबर धरते म्हणजे धरतेच."

बाहेर आल्यावर त्याने आवाज चढवला. "पुढच्या वर्षी वेळेवर आलीस तर ये, नाहीतर येऊच नकोस! तुझ्यासारखं गिऱ्हाईक वैऱ्यालाही नको!"

"तुमच्यासारखा दुकानदारही," डॉरीन म्हणाली. तिचे डोळे लाल होते. मर्लने ते पाहिलं आणि व्हर्नकडे तिरस्काराने बघितलं.

संध्याकाळी पाचला ती कॅम्पवर पोचली. बारीक बर्फ पडत होतं. आत शेगडी पेटली होती, दहा माणसं मोठमोठ्याने बोलत होती, आणि ती पायरीशी येताच बोलणं थांबलं. मर्ल दारात आला.

"ये आत, गारठशील," तो म्हणाला. "त्या व्हर्नचं मनावर घेऊ नकोस. तुझ्या बापाशीही तो असाच वागला, कुत्रा."

"तसं बोलू नका त्यांना," डॉरीन म्हणाली.

मर्लला ते समजलं नाही. ती पत्र्याच्या कडेबाहेर, बर्फातच थांबली होती. पाटी तिच्या डोळ्यांसमोर होती. तिने खोळीची चेन ओढून रायफल काढली, नळी झाडीकडे केली.

"अगं, राहू दे. क्लाइडची रायफल आहे. ती कसली बघायची?"

"त्यांचीच आहे," डॉरीन म्हणाली आणि बोल्ट उघडून रायफल त्याच्यापुढे धरली. "म्हणूनच बघा."

मर्लने कपाळावरचा चष्मा खाली ओढला, वाकून नीट आत पाहिलं, आणि दारातून बाजूला झाला.