विनंतीवरून दुरुस्त

पर्सीमामा वारला आणि त्याच्या मृत्यूच्या दाखल्यावर वंशापुढे 'ब्लॅक' लिहून आलं. आम्ही व्हर्जिनियातले, गोरे येण्याआधीपासून याच नदीकाठचे. सरकारी भाषेत इंडियन.

माझी आई आयडेला तडक नोंदणी कचेरीत निघाली. गाडी मी चालवली. खिडकीमागची मुलगी सौम्य होती.

"बाई, जन्मनोंदीत 'कलर्ड' आहे. पुढे त्याचं 'निग्रो' झालं, आता 'ब्लॅक'. जुने शब्द अपमानाचे होते ना, म्हणून बदलले."

"शब्द धुऊन घेतलेत, खोटं तसंच ठेवलंत. मूळ पान दाखव."

पाऊण तासानं पान आलं. सुईणीनं निळ्या शाईत 'इंडियन' लिहिलं होतं. त्यावर लाल रेघ, आणि शेजारी दुसऱ्याच अक्षरात 'कलर्ड'. त्या काळी कचेरीनं ठरवून टाकलं होतं, राज्यात गोरे आणि कलर्ड एवढेच.

आईचा आवाज चढला नाही. तिनं लाल रेघेवर बोट ठेवलं. "माझी सून ब्लॅक आहे, गुणाची पोर. ते असण्यात कमीपणा नाही. पण माझा बाप कोण, हे तुमच्या कारकुनानं ठरवायचं? दुसऱ्या महायुद्धात सैन्यभरतीच्या वेळी याच 'कलर्ड' शब्दाखाली सही कर म्हणाले. पर्सीनं नाही केली, तर दोन वर्षं तुरुंगात डांबला. एकोणीस वर्षांचा होता."

मुलगी म्हणाली, "अर्ज करा. मी स्वतः लक्ष घालते."

अर्ज, शपथपत्रं, चर्चमधली बाप्तिस्म्याची नोंद, सगळं जमवलं. सात महिन्यांनी नवा दाखला आला. वंश: अमेरिकन इंडियन. खाली बारीक अक्षरात: 'नातेवाइकांच्या विनंतीवरून दुरुस्त.'

आईनं मला पुन्हा गाडी काढायला लावली.

"ही ओळ काढ," ती खिडकीत म्हणाली. "लाल रेघ ओढली तेव्हा कुणाची विनंती होती?"

"ती ओळ आपोआप छापली जाते, बाई. मला काढता येत नाही."

आईनं काउंटरवरचं पेन उचललं आणि ती ओळ खोडली. एकदा नाही, कागद फाटेपर्यंत.

"अहो, खाडाखोड केलेला दाखला चालत नाही."

"तुमच्या हापिसानं खोडलं तेव्हा पंचाहत्तर वर्षं चालला," आई म्हणाली. "दुसरा छाप. मी बसलेय."

ती बाकावर बसली. मी शेजारी बसले. साडेचारला मुलीनं आपल्या साहेबाला फोन लावला.