काचा शिजवणारी

"सगळं निळं आहे हे," सूक्ष्मदर्शकावरून मान वर न करता डॉक्टर आरान्दिया म्हणाल्या. "दोन्या कासिल्दा, एकदा तुम्हीच बघा."

कासिल्दा चिपानाला बघायची गरज नव्हती. काच डॉक्टरांच्या हातात देण्याआधीच तिनं ती बघितली होती. तरी ती वाकली. गाठीच्या पेशी निळ्या होत्या. ते भीतीचं होतं, पण निदान समजण्यासारखं होतं. पण शेजारची रक्तवाहिनी निळी, तिच्या भिंतीतल्या धडधाकट पेशीही निळ्या. अख्ख्या तुकड्यात तपकिरी रंग औषधालासुद्धा नव्हता.

"म्हणजे उत्तरच नाही," डॉक्टर म्हणाल्या. "चांगल्या पेशीत तरी रंग यायलाच हवा होता. तपासणीच फसलीय. काय झालं काल?"

"कुकरची रिंग गेलीय. वाफ बाजूनं निसटत होती."

"तुम्हाला तेव्हाच कळलं होतं?"

आता खोटं बोलायचं तर बोलता आलं असतं. पण इतकी वर्षं रुग्णालयाच्या या तळघरातल्या प्रयोगशाळेत काढली ती काय यासाठी? "फुसफुस ऐकू येत होती," ती म्हणाली. "माझं लक्ष नव्हतं."

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "खाली सपाटीवरच्या सान्ता क्रूसहून कालपरवा आलेल्या कुणी ही चूक केली असती, तर मी एक वेळ समजून घेतलं असतं. पण तुम्ही? तुम्ही इथल्याच ना हो?"

खरंच होतं ते. ला पासच्या उंचीवर पाणी पटकन उकळतं, पण त्यात दम म्हणून नसतो. नुसत्या पातेल्यात बटाटासुद्धा कच्चा राहतो, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. म्हणून घरोघरी कुकर, आणि म्हणूनच प्रयोगशाळेतही कुकर. औषधात मुरवून घट्ट झालेला गाठीचा तुकडा काचेवर बसवायचा, ती काच कुकरमध्ये दाबाखाली चांगली शिजवायची, तेव्हा कुठे आतल्या प्रथिनापर्यंत रंग पोचतो. काल दाब चढलाच नाही. कासिल्दा समोर उभी असूनही चढला नाही.

"किती उरलंय?" डॉक्टरांनी विचारलं.

"मेणाच्या ठोकळ्यात? अगदी थोडं. नीट कापलं तर दोन-तीन काप निघतील. बाकीचं जिथे ऑपरेशन झालं त्या दवाखान्यानं पाठवलंच नाही. फेकून दिलं म्हणे."

"मग आज हे झालंच पाहिजे. संध्याकाळी सगळे डॉक्टर बसतायत. एकोणीस वर्षांच्या मुलीला घरी पाठवायचं की उद्यापासून जहाल औषधं सुरू करायची, ते या एका काचेवर ठरणार आहे. आणि दोन्या कासिल्दा, पुन्हा चुकलं तर कापायला काही उरणार नाही."

"नाही चुकायचं," कासिल्दा म्हणाली.

एक गोष्ट मात्र तिनं डॉक्टरांना सांगितली नव्हती. ती एकोणीस वर्षांची मुलगी, सुल्मा, बाप्तिस्म्याच्या दिवशी कासिल्दाच्याच हातात होती. कासिल्दा तिची मादरिना, म्हणजे धर्ममाता, आणि त्या दिवसापासून सुल्माची आई हुस्ता ही कासिल्दाची कोमाद्रे. हे नातं रक्ताचं नसतं, पण आमच्याकडे ते रक्ताच्या नात्याला हार जात नाही. डॉक्टरांना सांगितलं असतं, तर त्यांनी हे काम काढून घेऊन दुसऱ्या कुणाला दिलं असतं. कासिल्दाला ते नको होतं. दुसऱ्या कुणी निष्काळजीपणा केला तर, असं तिला वाटत होतं. आणि निष्काळजीपणा केला कुणी? तर हिनंच.

काल झालं ते असं. कुकर शेगडीवर चढवला आणि तळघराच्या खिडकीवर टकटक झाली. बाहेर हुस्ता उकिडवी बसली होती. बाजारात लोकरीच्या सुताच्या लडी विकणारी ही बाई, आवाज असा की तीन गल्ल्या ऐकतील. काल मात्र ती कुजबुजत होती.

"कोमाद्रे, पोरगी सारखी पाणी पाणी करतेय गं. मध्येच काहीतरी भलतंच बोलते. मला म्हणाली, आई, शाळा कधी सुटली? मला कुणी काही सांगत नाही. तू सांग. काय शोधताय तुम्ही?"

मग कासिल्दानं तिला कळेल असं सांगितलं. पेशीच्या पोटात सुताची लांबच लांब लडी असते, गच्च गुंडाळलेली. पेशीनं काय काम करायचं ते सगळं त्या सुतावर लिहिलेलं. हवं तिथं ती लडी सैल करायची, नको तिथं तशीच घट्ट राहू द्यायची, हे बघणारं एक प्रथिन असतं. बीआरजी-वन म्हणतात त्याला. ते नाहीसं झालं की पेशीला आपण कोण हेच आठवत नाही, आणि मग ती नुसती वाढत सुटते.

"म्हणजे दुकान उघडंय, माल भरलाय, पण लडी उलगडणारी बाईच आली नाही," हुस्ता म्हणाली.

"तसंच."

"आणि आमच्या पोरीच्या गाठीत ती बाई आहे की नाही, ते तू बघणार."

"तपकिरी रंग आला तर आहे. मग गाठ साधी, कापली ती कापली, विषय संपला. निळं राहिलं तर..." आणि इथे कासिल्दाला आपली जीभ चावावीशी वाटली. हे बोलायला नको होतं.

हुस्तानं खिडकीच्या गजांतून हात घालून तिचा हात धरला. "मग तपकिरी आण गं. तुझ्या हातातलं काम आहे ना? आण." आणि ती रडायला लागली. तिला गप्प करता करता मागे कुकर फुसफुसत राहिला.

आज डॉक्टरांशी बोलणं झाल्याबरोबर कासिल्दा जिना चढून रुग्णालयाच्या फाटकापाशी गेली. तिथे फेलिपा सूप विकते. तिच्याकडे प्रयोगशाळेतल्यासारखाच कुकर होता आणि नवी रिंग ती नेहमी जवळ बाळगायची, हे कासिल्दाला ठाऊक होतं.

"रिंग दे गं फेलिपा. आत्ताच्या आत्ता."

"का? डॉक्टर लोकांचा स्वयंपाक करतेस की काय? सगळे म्हणतात, तू खाली काचा शिजवतेस."

"काचाच शिजवते."

"मीठ-बीठ घालतेस का त्यात?"

"लिंबाच्या सत्त्वाचं पाणी घालते. दे ना गं बाई, मस्करी पुरे."

फेलिपानं तिच्या तोंडाकडे बघितलं आणि थट्टा तिथेच थांबवली. "तुला बरं नाहीये," ती म्हणाली आणि पिशवीतून कोरी रिंग काढून दिली. "परत आणू नकोस हो ती. तिथलं इथे नको मला."

कासिल्दानं ठोकळा बर्फावर गार केला. पातं नवं लावलं. काप काढायच्या यंत्राचा दांडा फिरवला. पहिला काप चुरगळून गेला. ती थांबली. हात काखेत घालून ऊब घेतली, स्वतःलाच एक शिवी हासडली आणि पुन्हा दांडा फिरवला. दुसरा काप कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ निघाला, कोमट पाण्यावर अलगद पसरला. तिनं तो काचेवर उचलून घेतला. ठोकळ्यात आता फक्त मेण दिसत होतं.

या वेळी कुकर चढवल्यावर ती तिथून हलली नाही. खिडकीवर टकटक झाली. तिला माहीत होतं कोण आहे ते. "नंतर!" ती ओरडली. पुन्हा टकटक झाली. "हुस्ता, तुला सुल्माची शप्पथ, जा इथून!" टकटक थांबली. कुकरची शिट्टी जोरात थरथरली, वाफ सरळ वर गेली, बाजूनं टिपूसही नाही. कासिल्दाच्या डोळ्यांत पाणी आलं ते वाफेनं असेल नाहीतर कशानं असेल.

काच निवली. मग औषधं एकावर एक, प्रत्येकाचा आपापला वेळ. तो वेळ तिला खाऊ की गिळू करत होता. शेवटी रंगाची पाळी आली. हा रंग टाकला की डोळ्यांसमोर तपकिरी उमटत जातं, आणि योग्य वेळी पाण्यात बुडवून ते थांबवावं लागतं. काच सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून ती बघत राहिली.

आधी रक्तवाहिनी उमटली. भिंतीतल्या पेशी एकेक करत तपकिरी झाल्या, छान, ठळक. मग इकडेतिकडे विखुरलेल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी. तपासणी बरोबर झाली होती. इतकी सुरेख काच तिच्या हातून कित्येक दिवसांत निघाली नव्हती.

गाठीच्या पेशी कोऱ्या होत्या.

ये ना गं, ती मनातल्या मनात म्हणाली. ये. एखादी तरी ये.

एकही आली नाही. कडेनं बघितलं, मधोमध बघितलं, सगळीकडे कोरं. आणि मग तिच्या मनात ते आलं. काच अशीच राहू द्यायची. रंग आणखी थोडा वेळ ठेवला की सगळ्यावरच मळकट पिवळं-तपकिरी चढतं, गाठीवरसुद्धा. डॉक्टर आरान्दिया फसणार नाहीत, पण त्यांना खात्रीनं नाहीही म्हणता येणार नाही. शंका राहील. ठोकळा तर संपलाय. शंकेवर कुणी पोरीला विषासारखी औषधं देत नाही. सुल्मा घरी जाईल, शिक्षिका व्हायचा अभ्यास करील, हुस्ता बाजारात ओरडून ओरडून लडी विकेल. किती दिवस? काही दिवस तर काही दिवस. पाण्याचं भांडं हाताशी होतं आणि कासिल्दाचा हात त्याच्याकडे जात नव्हता.

कडेला हलकंसं पिवळं चढू लागलं.

शंका म्हणजे काय हे तिला चांगलं ठाऊक होतं. शंका म्हणजे गाठ पुन्हा वाढेपर्यंत वाट बघणं. ही गाठ वाट बघणारी नव्हती. आणि पेशीतली ही उणीव आईकडून पोरीकडे जाऊ शकते, हेही तिनं डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं होतं. हुस्ताला आणखी एक मुलगी होती, सुल्माहून लहान. या काचेनं खरं सांगितलं नाही, तर त्या धाकटीची तपासणी करा असं सांगायला कुणाकडे कारणच उरलं नसतं.

"देवा, मला माफ करू नकोस," ती मोठ्यानं म्हणाली, आणि काच पाण्यात बुडवली.

मग कोऱ्या राहिलेल्या पेशी दिसाव्यात म्हणून निळा रंग दिला. कोऱ्या पेशी निळ्या झाल्या.

डॉक्टर आरान्दियांनी बराच वेळ बघितलं. "स्वच्छ आलीय," त्या हळूच म्हणाल्या. "आता शंकाच नाही. बिचारी पोर. आई वर बसलीय ना? मी सांगते जाऊन."

"मीही येते."

"तुम्ही कशाला?"

"सुल्मा माझी अहिहादा आहे, डॉक्टर. मी मादरिना तिची."

डॉक्टर तिच्याकडे बघतच राहिल्या. "आणि हे तुम्ही मला आत्ता सांगताय?"

"आधी सांगितलं असतं तर तुम्ही मला हे काम दिलं नसतं."

"अर्थातच दिलं नसतं!" डॉक्टरांचा आवाज चढला, मग उतरला. "याबद्दल आपण नंतर बोलू. सोडणार नाही मी हे. चला."

वरच्या बोळात सुल्मा बाकावर भिंतीला टेकून झोपली होती, हातात पाण्याची रिकामी बाटली. हुस्ता खाली फरशीवर घागरा पसरून बसली होती, समोर फडक्यात उकडलेले बटाटे आणि चीज. डॉक्टर तिच्याजवळ खाली बसल्या. त्या चांगलं बोलतात. आधी ऑपरेशनबद्दल, मग तपासणी कशी असते त्याबद्दल, मग हल्ली कोणती औषधं मिळतात त्याबद्दल बोलल्या. हुस्ता त्यांच्याकडे बघतच नव्हती.

"कोमाद्रे," ती म्हणाली. "रंग कोणता आला?"

"निळा," कासिल्दा म्हणाली.

"सगळा?"

"गाठीत सगळा."

"तूच केलंस ना? दुसऱ्या कुणी नाही?"

"मीच केलं. तुला खिडकीतून हाकललं तेव्हा तेच करत होते."

सबंध बाजाराला ऐकू जाणारी हुस्ता हळूच म्हणाली, "तू केलंस म्हणजे खरंच असणार," आणि पोरीच्या पायावरचं पांघरूण सारखं केलं. ते आधीच सारखं होतं.

डॉक्टरांनी धाकट्या मुलीचा विषय काढला, उद्या तिलाही घेऊन या म्हणाल्या. हुस्तानं मान डोलावली. घेऊन येईन, ती म्हणाली. डॉक्टर उठून बैठकीला गेल्या.

कासिल्दा उभीच होती. ज्या हातांनी काच पाण्यात बुडवली ते हात कुठे ठेवावेत, हे तिला कळत नव्हतं. हुस्तानं फडकं तिच्याकडे सरकवलं.

"बैस. सकाळपासून उभी असशील."

"मला नको गं."

"बैस म्हणते ना."

ती बसली. हुस्तानं एक बटाटा सोलून तिच्या हातावर ठेवला आणि चिजाचा मोठा तुकडा मोडून दिला. कासिल्दा खात राहिली. हुस्ता दुसरा सोलायला लागली.